विद्यापीठाची वाट आणि सायकल

विद्यापीठांचे इतिहास बहुधा कुलगुरूंच्या कारकिर्दी, इमारतींच्या कोनशिला आणि पदवीदान समारंभ यांच्या आधारे लिहिले जातात. विद्यार्थी त्या विद्यापीठापर्यंत रोज पोहोचत होता कसा, हा प्रश्न त्या ग्रंथांत सहसा उपस्थित होत नाही. वास्तविक तो प्रश्न लहान नाही. विद्येचे मंदिर गावाबाहेर असेल, बिऱ्हाड गावात असेल आणि खिशात दोन वेळच्या जेवणापुरतेच पैसे असतील, तर मधले अंतर हाच शिक्षणातील मोठा अडसर ठरतो. आपल्या देशात स्वातंत्र्यानंतरची तीन-चार दशके हा अडसर ज्या साधनाने दूर केला, ते साधन म्हणजे सायकल होय. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या उपेक्षित वाहनाचा थोडा इतिहास नोंदवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपण जयपूर-बगरूकडील मराठी मंडळी पुण्याशी आणि जयपूरशी सारख्याच जिव्हाळ्याने बांधलेली आहोत. या दोन शहरांच्या विद्यापीठांना जोडणारा एक दुवा प्रारंभीच सांगितला पाहिजे. ८ जानेवारी १९४७ रोजी जयपूर येथे राजपुताना विद्यापीठाची स्थापना झाली. १९५६ मध्ये त्याचे नाव राजस्थान विद्यापीठ असे झाले. या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते डॉ. गणेश सखाराम महाजनी. केंब्रिजचे रँग्लर आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून त्यांची कीर्ती महाराष्ट्रात सर्वत्र होती. पुढे दिल्ली व उदयपूर येथील विद्यापीठांचे आणि अखेरीस पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपदही त्यांनी भूषविले.

मराठ्यांचे या प्रदेशातील पहिले पाऊल मात्र ग्रंथ घेऊन पडलेले नव्हते. ऑगस्ट १७४८ मध्ये, ऐन पावसाळ्यात, याच बगरूच्या रणात माधोसिंहाच्या बाजूने मल्हारराव होळकर लढले आणि ईश्वरीसिंहाच्या बाजूने भरतपूरचा सूरजमल जाट उभा राहिला. त्या संघर्षाच्या कटू आठवणी जयपूरच्या इतिहासात आहेत. १७५१ च्या जानेवारीत जयपूर शहरात मराठ्यांची जी कत्तल झाली, तीही आपण विसरू शकत नाही. म्हणूनच त्यानंतर दोनशे वर्षांनी एक मराठी गणितज्ञ या नगरीत विद्यापीठाची घडी बसविण्यासाठी येतो, ही घटना मला फार अर्थपूर्ण वाटते.

आता मूळ विषयाकडे वळू. पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली आणि डॉ. मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठास जागा मिळाली ती गणेशखिंडीतील राज्यपालांच्या निवासस्थानाची. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६४ साली या वास्तूचे काम सुरू झाले. मुंबईच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान म्हणून ती ओळखली जाई. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी आटोपून रँड साहेब परतत असता चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली, ती याच गणेशखिंड रस्त्यावर. ज्या रस्त्याने साहेबाची घोडागाडी जात असे, त्याच रस्त्याने अवघ्या अर्धशतकानंतर एतद्देशीय विद्यार्थ्यांच्या सायकली धावू लागल्या. राजवाड्याचे विद्यापीठ झाले हे तर खरेच. परंतु त्या राजवाड्यापर्यंत सामान्याला पोहोचविणारे वाहनही त्याच काळात सामान्याच्या हाती आले, हा योगायोग तितकाच महत्त्वाचा आहे.

चारशे एकरांहून अधिक विस्ताराचे ते आवार त्या काळी शहराच्या अगदी कडेला होते. विद्यार्थ्यांची वस्ती सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत किंवा फार तर डेक्कन जिमखान्याच्या आसपास. पेठेतून लकडी पूल ओलांडून, फर्ग्युसन रस्त्याने पुढे गणेशखिंड रस्त्याला लागावे आणि चतुःशृंगीच्या बाजूचा चढ चढून विद्यापीठाच्या दाराशी यावे, म्हणजे पाच-सहा किलोमीटरची मजल होई. चालत जावे तर सव्वा तास मोडावा, टांगा करावा तर तो परवडू नये. खाजगी कंपनीची बससेवा १९५० साली महानगरपालिकेने आपल्याकडे घेतली खरी; पण विद्यार्थ्याच्या तासिका आणि बसच्या वेळा यांचा मेळ सहसा बसत नसे. सायकलीने मात्र हे अंतर अर्ध्या तासाच्या आत तुटे. शिवाय आवारात शिरल्यावरही एका विभागातून दुसऱ्या विभागात, तेथून ग्रंथालयात आणि वसतिगृहात जाण्यास तीच उपयोगी पडे.

सायकलीपूर्वीची स्थिती कशी होती, याचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपला अनाथ बालिकाश्रम हिंगण्यास नेला, तेव्हा ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक होते. महाविद्यालय आणि आश्रम यांमधील सुमारे चार मैलांची वाट ते चिखल तुडवीत पायी चालत, आणि बरोबर आश्रमाचे सामानही वाहून नेत. ही तपश्चर्या वंदनीय होय. परंतु समाजाचे शिक्षण तपस्व्यांच्या पायपिटीवर चालत नसते. ते सर्वसामान्य माणसाला झेपेल अशा सोयीवर चालते. सायकलीने ती सोय उपलब्ध करून दिली.

हे वाहन आपल्याकडे आले ते अर्थातच परदेशातून. १८१७ मध्ये जर्मनीतील कार्ल ड्राइस याने पायाने ढकलत नेण्याचे दोन चाकांचे यंत्र तयार केले. १८८५ मध्ये इंग्लंडातील जॉन केंप स्टार्ले याने सारख्या उंचीची चाके आणि मागील चाकाला चेन असलेली 'रोव्हर' सायकल बनविली. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेले टायर आणले आणि आज आपण जिला सायकल म्हणतो ती आकारास आली. आपल्या देशात प्रथम गोरे अधिकारी, मग पारशी व्यापारी, वकील, डॉक्टर अशा क्रमाने ती उतरत गेली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा या तिघांनी सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि १९२८ च्या मार्चमध्ये ते मुंबईस परतले. सायकल ही केवळ साहेबाची चैन नव्हे, याची खात्री त्या घटनेने पटली.

तथापि ती खऱ्या अर्थाने मध्यमवर्गाच्या घरात शिरली ती स्वदेशी कारखान्यांमुळे. रॅले, हंबर, बी.एस.ए., फिलिप्स ही विलायती नावे प्रतिष्ठेची होती. स्वातंत्र्याच्या सुमारास व नंतरच्या दशकात मद्रासला टी.आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला ॲटलास आणि १९५६ मध्ये लुधियान्यास हिरो असे कारखाने उभे राहिले आणि सायकल कारकुनाच्या आवाक्यात आली. या बाबतीत आमच्या केंद्र शासनाचाही वाटा आहे. कनिष्ठ वेतनाच्या कर्मचाऱ्याला सायकल खरेदीसाठी बिनव्याजी अग्रिम रक्कम मिळे आणि ती पगारातून हप्त्याहप्त्याने कापली जाई. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर २०१६ साली ही सवलत बंद झाली. कार्यालयांतील किती तरी जुन्या सेवापुस्तकांत या अग्रिमाची नोंद सापडते. तीच सायकल संध्याकाळनंतर आणि पुढे कायमची घरातील महाविद्यालयीन मुलाच्या हाती जाई, हे सांगावयास नकोच.

पुण्यात सायकलीभोवती एक संपूर्ण व्यवहार उभा राहिला होता. गल्लीच्या तोंडाशी सायकलचे दुकान, दाराशी हवा भरण्याचा पंप, पाण्याची घमेली, सोल्यूशन, कातरलेल्या रबराचे तुकडे आणि भिंतीवर टांगलेल्या ट्यूबा. तासावर भाड्याने सायकल मिळे. लहान मुले तीवर दांडीखालून पाय घालून शिकत आणि गुडघे फोडून घेत. वर्षातून एकदा सायकल 'ओव्हरहॉलिंग'ला टाकावयाची, म्हणजे छर्रे धुऊन, ग्रीस भरून, रिमचा आउट काढून ती नव्यासारखी परत मिळे. नगरपालिकेचा कर भरून बिल्ला घ्यावा लागे. रात्री दिव्याशिवाय किंवा डबलसीट सापडल्यास पोलीस अडवीत आणि चाकांतील हवा सोडीत. बिल्ला आणि दिवा यांवरून पोलीस व विद्यार्थी यांच्यात चालणारा लपंडाव हा पुण्याच्या तत्कालीन जीवनातील एक नित्याचा प्रसंग होता. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणून गौरविले जाई, तो मानही याच सायकलसंस्कृतीतून जन्मला.

सायकलीवर स्वार होणारे केवळ विद्यार्थीच नव्हते. खडकीचा दारूगोळा कारखाना, तेथीलच किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या ठिकाणी पाळीच्या वेळी कामगारांचे थवे सायकलीवरूनच जात. प्राध्यापक, शिपाई, पोस्टमन, दूधवाला आणि विद्यार्थी एकाच वाहनावर, एकाच वेगाने, एकाच रस्त्याने जात होते. समतेचे हे दर्शन व्याख्यानांतून घडत नाही. ते रस्त्यावर घडत होते. पुण्याला 'सायकलींचे शहर' हे नाव मिळाले ते या दृश्यामुळे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटली. मुठेच्या पुराने नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त केल्या. त्यानंतर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या नव्या वसाहती झाल्या आणि वाडा सोडून शहर चोहोबाजूंनी पसरू लागले. अंतरे वाढली. आरंभी या वाढत्या अंतरास सायकलनेच आधार दिला. परंतु वाढत्या अंतराला अधिक वेगवान वाहन हवे असते, आणि ते वाहन नेमके पुण्याच्याच परिसरात निर्माण होऊ लागले. आकुर्डीला बजाजच्या स्कूटर तयार होत. १९७२ साली 'चेतक' आली आणि त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकने 'लूना' आणली. लूनाला पॅडल होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सायकलस्वाराला यंत्राकडे नेणारा तो जणू पूलच होता. ज्या नगरीने सायकलीवर प्रेम केले, तिनेच सायकलीला हद्दपार करणारी वाहने देशाला पुरविली, हा इतिहासातील एक विपर्यासच म्हटला पाहिजे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लोक श्रीमंत झाले म्हणून सायकल गेली, असे सरसकट म्हटले जाते. हे अर्धसत्य होय. प्रस्तुत लेखक ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पुण्यात बी.ए.चा विद्यार्थी होता. त्या वेळी वर्गातील निम्म्याहून अधिक मुले सायकलीवरच येत आणि त्यांतील अनेकांच्या घरी स्कूटर असे. ती सायकल वापरीत, कारण रस्ता सायकलीला अनुकूल होता. पुढे रस्ते रुंद झाले, परंतु ती रुंदी मोटारींच्या वाट्याला आली. चौकाचौकांत उड्डाणपूल झाले आणि विद्यापीठाच्या चौकातही झाला. तो गैरसोयीचा ठरल्याने २०२० साली पाडावा लागला. अशा चौकातून सायकल काढणे हे धाडसाचे काम झाले. आईबापांनी मुलांना सायकल नाकारली ती प्रतिष्ठेपायी थोडी आणि भीतीपोटी अधिक. ज्याला स्कूटर घेणे शक्य नव्हते, त्याला मात्र पर्याय उरला नाही. सायकल गेल्याचे खरे नुकसान झाले ते या शेवटच्या माणसाचे.

चूक उमगल्यावर ती दुरुस्त करण्याचे प्रयत्नही झाले. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्ते वाहनांसाठी नसून माणसांसाठी आहेत, ही दृष्टी स्वीकारली. त्याच सुमारास पुण्यात जलद बसमार्गांलगत सायकलमार्ग आखले गेले. पण त्यांवर कोठे दुकाने मांडली गेली, कोठे वाहने उभी राहिली. २०१७ साली महानगरपालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये भाड्याच्या सार्वजनिक सायकलींची योजना औंध येथे आणि विद्यापीठाच्या आवारात सुरू केली. आरंभी विद्यार्थ्यांनी तिचे उत्साहाने स्वागत केले. तथापि मोडतोड, चोरी आणि देखभालीची अडचण यांमुळे काही वर्षांतच ती योजना गुंडाळली गेली. यातून एक धडा मिळतो. पूर्वीची सायकल टिकली ती तिच्या मालकाच्या ममतेमुळे आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारामुळे. केवळ वाहन पुरविल्याने व्यवस्था उभी राहत नाही. तिला सुरक्षित रस्ता, दुरुस्ती करणारा कारागीर आणि आपलेपणा या तिन्हींची जोड लागते.

आता जयपूरकडे पाहू. सवाई जयसिंहांनी १७२७ साली हे नगर वसविले आणि विद्याधर भट्टाचार्य यांनी त्याच्या रचनेत साह्य केले. काटकोनांत छेदणारे सरळ आणि प्रशस्त रस्ते हे या नगरीचे वैशिष्ट्य. सायकलीचा शोध लागण्यापूर्वी शंभर-दीडशे वर्षे आखलेले हे नगर जणू सायकलीसाठीच आखले असावे, इतके ते सपाट व सुबोध आहे. चौडा रास्त्यावरून न्यू गेटबाहेर पडावे, रामनिवास बाग आणि मोती डुंगरी मागे टाकावी आणि दक्षिणेकडे विद्यापीठाच्या आवारात यावे. पुण्यासारखा चढ नाही, घाट नाही. अडचण एकच, ती ज्येष्ठातील उन्हाची आणि लू नावाच्या तप्त वाऱ्याची. या मार्गाच्या दुतर्फा विद्येची केंद्रे आहेत. १८४४ सालचे महाराजा महाविद्यालय, १९४४ सालचे महाराणी महाविद्यालय, विद्यापीठ आणि पुढे १९६३ साली स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय, ज्याला आज मालवीय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणतात. एका सरळ रेषेत एवढ्या शिक्षणसंस्था असणे हे सायकलस्वार विद्यार्थ्याचे भाग्यच होते. परंतु येथेही जवाहरलाल नेहरू मार्गावरील मोटारींच्या वेगाने त्याला कडेला लोटले, आणि पुण्याची कथा जयपुरात पुन्हा घडली.

बगरूची गोष्ट थोडी निराळी आहे. जयपूरहून अजमेरकडे जाताना सुमारे तीस किलोमीटरवर वसलेले हे गाव छिपा कारागिरांच्या ठशांच्या छपाईसाठी प्रसिद्ध आहे. लोखंडाच्या गंजापासून व गुळापासून केलेला काळा रंग, तुरटीचा आधार घेऊन उमटणारा लाल रंग आणि चिखलाच्या दाबूची नक्षी यांनी बगरूचे नाव परदेशापर्यंत नेले. २०११ साली जवळच दहमी कलां येथे मणिपाल विद्यापीठ सुरू झाले. म्हणजे येथेही शहराबाहेर, महामार्गालगत, एक विद्यापीठ उभे आहे आणि आसपास कारखाने आहेत. गणेशखिंडीचीच ही नवी आवृत्ती होय. फरक एवढाच की, गणेशखिंडीस जाणारा रस्ता सायकलीला मोकळा होता आणि येथे जवळचा मुख्य रस्ता म्हणजे अवजड मालमोटारींचा महामार्ग आहे. छपाईच्या कारखान्यात आणि औद्योगिक वसाहतीत जाणारा कामगार त्याच्या कडेने आजही सायकल हाकीत असतो. त्याच्यासाठी वेगळी वाट नाही.

सायकलीचा सर्वांत मोठा उपकार स्त्रीशिक्षणावर आहे, असे मला वाटते. पुण्यात साडीचा पदर खोचून सायकलीवरून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींकडे प्रारंभी लोक वळून पाहत. पुढे पाहिनासे झाले. हे 'पाहिनासे होणे' हीच खरी सामाजिक क्रांती. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या डॉ. इरावती कर्वे यांची पुण्यात स्कूटर चालविणाऱ्या पहिल्या स्त्रियांत गणना होते. त्या धैर्याची पायरीही दुचाकीचीच होती. तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता चळवळीत हजारो ग्रामीण स्त्रिया अक्षरांबरोबर सायकल शिकल्या. बिहार शासनाने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना राबविली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची वयानुरूप नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे व मुली यांमधील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळून आले. शाळा तीच होती, शिक्षक तेच होते. मधले अंतर तेवढे कमी झाले. राजस्थानातही शासकीय शाळांतील नववीच्या मुलींना सायकली दिल्या जातात. त्या सायकलींचा रंग कोणता असावा, यावर आपल्याकडे राजकीय वाद रंगले. त्या सायकली कोणत्या रस्त्याने जाणार, यावर तेवढी चर्चा झाली असती तर अधिक बरे झाले असते.

इतिहासाचा हा आलेख पाहिल्यावर तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, शिक्षणाचा प्रसार केवळ फीमाफीने होत नाही. घर आणि वर्ग यांतील अंतर परवडेल असे असावे लागते. दुसरी, सायकल मागासलेपणाचे चिन्ह नव्हे. ज्या केंब्रिजमध्ये आपले रँग्लर घडले, तेथे आजही विद्यार्थी आणि प्राध्यापक सायकलीवरून फिरतात. तिसरी गोष्ट, सायकल नष्ट झाली ती आपोआप नव्हे, तर आपण रस्ते ज्या रीतीने आखले त्यामुळे. जे निर्णयामुळे गेले, ते निर्णयाने परत येऊ शकते.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव, नाट्यप्रयोग आणि व्याख्याने यांच्याद्वारे मराठी मन परमुलखात जागते ठेवले. या वर्षी मंडळाने आणखी एक संकल्प करावा, असे सुचवावेसे वाटते. गुणवंत विद्यार्थ्यांना आपण करंडक आणि प्रशस्तिपत्रे देतो. त्यांबरोबर बगरू परिसरातील काही गरजू मुलामुलींना, भाषा व जात न पाहता, सायकली द्याव्यात आणि त्यांच्या वार्षिक दुरुस्तीची व्यवस्था स्थानिक कारागिराकडे लावून द्यावी. त्याचबरोबर महामार्गालगत शाळा, कारखाने आणि विद्यापीठ यांना जोडणारी सायकलची स्वतंत्र वाट असावी, अशी मागणी नगरपालिकेकडे व संबंधित खात्याकडे लेखी स्वरूपात करावी. आपल्यापैकी अनेकांनी शासकीय सेवेत आयुष्य घालविले आहे. अर्ज कसा लिहावा आणि त्याचा पाठपुरावा कसा करावा, हे आपल्याला निराळे शिकविण्याची गरज नाही.

पावणेतीनशे वर्षांपूर्वी मराठे या भूमीत घोड्यावरून आले आणि चौथाई मागून गेले. आज येथे स्थायिक झालेल्या मराठी माणसाने या भूमीतील मुलांच्या हाती विद्यापीठाकडे नेणारी दोन चाके द्यावीत, ही त्या इतिहासाची उचित परतफेड ठरेल.